तुम्हीच म्हणा, मंडळी

“मास्तर, पब्लिक उठाय लागलंय. कायतरी बोला की!”

सुबराव अण्णा माझ्या कानाला लागून म्हणाले. अण्णा शेंडूरवाडीच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष आणि मी त्यांच्या कुस्ती मैदानाचा निवेदक. एरवी मी शाळामास्तर, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारा. पण चैत्र लागला की आसपासच्या बारा-पंधरा गावांत पिसाळ मास्तरांशिवाय मैदान होत नसे. माणसं कुस्ती बघायला येत की मला ऐकायला, असा मला तेव्हा प्रामाणिक प्रश्न पडत असे. आता लाज वाटते, पण पडत असे.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. शेवटची, एक नंबरची कुस्ती लागली होती. एका बाजूला बाबालाल वस्तादांच्या तालमीचा आनंदा खबाले, दुसरीकडं सूर्यवंश्यांचा दिनकर. दोघंही बावीस-तेविशीचे, दोघंही नावाजलेले. दहाव्या मिनिटाला आनंदानं दिनकरला खाली घेतलं, कब्जा केला आणि खालच्याला उताणं पाडणारा घिस्सा डाव मारायला लागला. दिनकर कुशीवर आला. आता पाठ लागणार, म्हणून सगळं मैदान उभं राहिलं, हलगी तापली, मीही माईक तोंडाशी धरून श्वास घेतला. आणि आनंदानं त्याला सोडून दिलं.

सोडलं म्हणजे सोडलंच. हात काढून घेतला आणि उभा राहिला. दिनकरही हळूहळू उठला. मग सुरू झाली नुसती खडाखडी. हाताला हात लावायचा, मागं सरायचं, मानेवर थाप मारायची, पुन्हा मागं सरायचं. दोन मिनिटं, चार मिनिटं, सहा मिनिटं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागची माणसं धोतरं झटकत उठायला लागली. उन्हात तीन तास बसलेली माणसं ती, त्यांना निकाल हवा होता.

“मंडळी!” मी म्हणालो. “उठू नका, उठू नका. आता पानसुपारी वाटायची आहे. इथं कुस्ती नाही, हळदीकुंकू चाललंय!”

हशा पिकला. उठलेली माणसं थांबली. निवेदकाला एवढंच हवं असतं.

“दोघी जावा पाणवठ्यावर भेटल्यात. तू पहिली घागर भर बाई, नको बाई तू भर!”

आणखी मोठा हशा. माझ्या अंगात वारं शिरलं. समोर पाच-सहा हजार माणसं माझ्या जिभेकडं बघत होती.

“आमच्या भागात अशा कुस्तीला एक शब्द आहे, मंडळी. मी मास्तर माणूस, माझ्या तोंडी तो शोभत नाही. मी काही म्हणणार नाही. तुम्हीच म्हणा, मंडळी! अशा कुस्तीला काय म्हणतात?”

“नुरा!” मैदान गरजलं.

“ऐकू नाही आलं!”

“नुराऽऽ!”

कुस्तीच्या भागात राहणाऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला चोर म्हटलं तर तो एखाद वेळेस हसेल, पण नुरा म्हटलेलं त्याच्या अंगाला चिकटतं आणि धुऊन निघत नाही. पंचांनी शिट्टी मारली, कुस्ती बरोबरीत सोडवली. दिनकर मान खाली घालून निघून गेला. आनंदा मात्र मातीत तसाच उभा राहिला आणि वर व्यासपीठाकडं, माझ्याकडं बघत राहिला. मी दुसरीकडं बघून हलगीवाल्यांचे आभार मानले.

घरी आलो तर शैला चुलीपुढं पाठ करून बसलेली. आमचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कर्ण्यांचा आवाज थेट परसात येतो.

“रंगलं ना मैदान?” मी विचारलं.

“ऐकलं मी. धुणं धूत होते.” तिनं भाकरी थापायचं थांबवलं नाही. “अहो, त्या पोरानं खरंच नुरा केली?”

“मी कुठं म्हणालो? लोक म्हणाले.”

“तुम्ही म्हणवून घेतलंत म्हणून म्हणाले.”

“शैला, तू सगळं मैदान विचार. तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.”

“हो ना,” ती म्हणाली, “तेच म्हणते मी. सोन्यासारखं साधलंत.” आणि भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

सोमवारी शाळेत गेलो. मंगळवारी कळलं की वाघोशीच्या जत्रेवाल्यांनी आनंदाचं नाव कापलं. बुधवारी आणखी एका गावानं. पोरंसुद्धा शाळेच्या पटांगणात खोटी खोटी कुस्ती खेळताना “तू आनंदा हो” म्हणायला लागली. मी एकाच्या पाठीत धपाटा घातला. त्याला कळेना का घातला. मला हातात खडू धरवेना. पाणी प्यायला उठायचो, न पिताच परत यायचो. जेवताना शैला समोर बसली की मला वाटायचं, आता बोलेल. ती बोलायची नाही, भात वाढायची. आणि मी मनातल्या मनात तेच घोकत होतो, तो शब्द मी उच्चारलेला नाही. वकिलाला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या दारात सायकल थांबली. बाबालाल वस्ताद. सत्तरीचा माणूस, कान पार मोडून सुकट झालेले, डोक्याला पांढरा फेटा. चार कोसांवरून सायकल मारत आले होते. मी खुर्ची पुढं केली, ते पायरीवरच बसले.

“काय मास्तर, आवाज बसला न्हाई न्हवं? एवढा ताणला हुता त्यादिशी.”

“वस्ताद, मी तो शब्द—”

“उच्चारला न्हाई. ठावं हाय. मी तिथंच हुतो की, कान मोडल्यात पर ऐकू येतंय मला.” ते फेट्याच्या टोकानं मान पुसत होते. “दिनकरचा खांदा बघितला का तुमी?”

“खांदा?”

“घिस्सा मारताना निसटला. अर्धा भायेर. त्यो आनंदाच्या कानात म्हणला, खांदा गेला, सोड. आनंदानं सोडला. मारला असता तर निकाल लागला असता, आनी दिनकरचा हातबी गेला असता. म्हैन्याभरानं त्या पोराची पोलीस भरतीची तपासणी हाय. खांदा निसटल्याली गोष्ट फुटली तर डागदर त्येला दारातबी उभा करायचा न्हाई. म्हणून दोघंबी गप. शिट्टी व्हईस्तवर आनंदा त्येच्या दुसऱ्या हातावर खेळत ऱ्हायला, त्येला झाकत. सांजच्याला टेंपोच्या मागं मीच बसवला त्यो खांदा.”

पैलवानांची हाडं बसवणं हे वस्तादांचंच काम. ते खोटं कशाला बोलतील? आपण काय करून बसलो ते मला कळलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी झालं. माझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली. ‘मंडळी, पैलवान कुणाला म्हणावं? जो जिंकता जिंकता हरतो त्याला!’ मग थोडं थांबायचं. मग आवाज खाली आणायचा. बायाबापड्या पदर डोळ्याला लावतील, टाळ्या थांबणार नाहीत.

वस्ताद माझ्याकडं बघत होते. “डोळं चमकाय लागलं तुमचं,” ते म्हणाले. “आत्ताच भाषण जुळवाय लागला व्हय?”

त्यांनी माझ्यावर बोट रोखलं.

“ह्यातलं एक अक्षर कुटं बोलायचं न्हाई. पोराची नोकरी जाईल. तुमच्या तोंडावर माझा भरोसा न्हाई मास्तर, तरीबी सांगितलं. न्हाई सांगावं तर तुमी जल्मभर म्हणत ऱ्हाशीला की आपुन काय खोटं बोललो न्हाई.”

“मग मी करू काय?”

“ऐतवारी पाकाळणी हाय.”

जत्रेनंतर आठ दिवसांनी देऊळ धुऊन काढतात, ती पाकाळणी. त्या दिवशी त्याच मैदानात लहान कुस्त्या होतात आणि आसपासच्या सगळ्या गावांचे पंच जमतात. पुढच्या जत्रांतल्या कुस्त्यांच्या जोड्या तिथंच ठरतात. त्या दिवशी ज्याचं नाव कुणी लिहिलं नाही, त्याचं वर्ष गेलं. आणि आनंदासारख्या पैलवानाचं एक वर्ष गेलं, की पुढची त्याच्यासाठी थांबत नाहीत.

“जिथं बोलला तिथं बोला,” वस्ताद उठत म्हणाले. “आनंदाची आय त्यादिशी तुमच्याच माळाला रोजानं खुरपत हुती. तिनं कुस्ती न्हाई बघितली. भोंग्यातनं तेवढं ऐकलं.”

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आनंदाच्या गावी गेलो. तो गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होता. मला बघून उठला नाही. एवढा मोठा देह, पण बसल्या बसल्या लहान दिसत होता. तालमीतली पोरं त्याच्याशी जोर, म्हणजे सरावाच्या कुस्त्या, करायला तयार नाहीत, म्हणून घरी आला होता.

“आनंदा, माझं चुकलं,” मी म्हणालो. “मला वस्तादांनी सांगितलं सगळं.”

“सांगायला नगं हुतं.”

“मी माफी मागायला आलोय.”

“हितं? म्हशीम्होरं?” त्याचा हात पेंडीतच होता. मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “मास्तर, एक विचारू? खरं सांगशीला?”

“विचार.”

“तुमास्नी खरंच वाटलं हुतं का? म्या नुरा केली आसं?”

काय सोपं होतं! हो, वाटलं होतं, लांबून तसंच दिसत होतं, माणूस आहे, चुकलो. एवढं म्हटलं असतं तर त्याचंही समाधान झालं असतं आणि माझी सुटका. जिभेवर आलेलंही होतं. पण तो पोरगा माझ्याकडं असा बघत होता की मला ते जमलं नाही.

“नाही,” मी म्हणालो. “मी त्याचा विचारच केला नव्हता. लोक उठत होते. त्यांना बसवायचं होतं.”

म्हशीनं पाटीत तोंड घातलं. आनंदानं तिचं तोंड बाजूला केलं आणि पुन्हा कालवायला लागला.

“वाटलं आसतं तर बरं झालं आसतं,” तो म्हणाला.

परत येताना मी चार कोस चालत आलो. एसटी समोरून गेली, हात करायचं सुचलं नाही. कधी नव्हे ते मला माझ्या आवाजाची किळस आली.

रविवारी मैदान सुरू व्हायच्या आधी मी सुबराव अण्णांना बाजूला घेतलं. मला काय बोलायचंय ते सांगितलं. अण्णा घाबरले नाहीत, उलट खुलले.

“बोला की! पर मास्तर, कारण सांगा. नुसतं चुकलो-बिकलो नगं. जरा रंगवून सांगा, पब्लिक खूश व्हईल.”

“कारण सांगता येत नाही, अण्णा.”

“मग कशापायी बोलता? उगंच आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा? उद्या तुमच्या शब्दाला कोण विचारील?” अण्णांनी आवाज उतरवला. “आसं केलं तर म्होरच्या सालाला माईक दुसऱ्याकडं द्यावा लागंल. कमिटी ऐकायची न्हाई.”

“द्या,” मी म्हणालो. त्या माईकवाचून मी कोण होतो? भागाकार शिकवणारा मास्तर.

व्यासपीठावर चढलो. समोर निम्मं मैदान भरलेलं. डाव्या हाताला लिंबाखाली गावोगावचे पंच वह्या घेऊन बसले होते, त्यांत वाघोशीचे बळवंत पाटील. पुढच्या रांगेत दिनकर, अंगात ढगळ सदरा, हात मांडीवर ठेवलेला. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आनंदा कुठं दिसेना. मग दिसला, पार मागं, वस्तादांच्या शेजारी.

“मंडळी,” मी म्हणालो, “गेल्या रविवारी मी या माईकवरून आनंदा खबालेच्या कुस्तीला नुरा म्हणालो.”

“तुमी न्हाई, आमी म्हणलो!” कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

“तुमच्या तोंडात मी घातला तो शब्द. माझ्याकडं कसलाही पुरावा नव्हता. ती कुस्ती नुरा नव्हती.”

पुन्हा हशा. मला आधी कळेनाच का हसतायत. मग कळलं. आठ वर्षं मी त्या माईकवर जे जे बोललो ते शेवटी विनोदावर गेलं होतं. ते विनोदाची वाट बघत होते. पुढची मंडळी तर तोंडं अर्धी उघडून बसली होती.

“मी थट्टा करत नाही,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो. चुकून नाही. तुम्ही उठत होता, तुम्हाला बसवायला मी एका पैलवानाचं नाव मातीत घातलं. आनंदानं काहीही वाईट केलं नाही. मी केलं.”

आता हसायचे थांबले. हलगीवाल्यानं टिपरू खाली ठेवलं.

“मग सोडला कशापायी त्येनं?” मधल्या रांगेतून एकानं विचारलं. सरळ प्रश्न होता, विचारणारच कुणीतरी. उत्तर मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर सगळं मैदान आनंदाला खांद्यावर घेऊन नाचलं असतं, आणि मलाही. दिनकरनं डोळे मिटले.

“ते मला सांगता येणार नाही.”

“म्हंजे कायतरी हाय!”

“न्हाईतर सांगितलं नसतं व्हय!”

“मास्तर, खबाल्याकडं कोंबडं खाऊन आला वाटतं!” हे गणपा जाधवाचं. सगळं मैदान खदखदून हसलं. गेल्या रविवारी हसलं होतं तेवढंच, तशाच मोकळ्या मनानं. गणपाला मी चांगला ओळखून होतो. गेल्या पोळ्याला पिऊन बैल धुवायचे सोडून स्वतःच विहिरीत उतरला होता, आणि त्याला दोरानं काढला होता. एवढी आठवण करून दिली असती तर गणपा वर्षभर मैदानाकडं फिरकला नसता. वाक्य तयार होतं. ओठापर्यंत आलं होतं.

मी माईक खाली ठेवला आणि व्यासपीठावरून उतरलो.

हसू माझ्या मागून येत होतं. लिंबाखालून जाताना कुणी नमस्कार केला नाही. बळवंत पाटील माझ्याकडं निरखून बघत होते. मी मैदानाच्या कडेला मातीत बसलो. पहिल्यांदाच खाली बसून कुस्त्या बघत होतो. संध्याकाळी शैलानं सांगितलं, परसात ऐकलं सगळं. आणि ताटात तूप जरा जास्तच वाढलं.

वाघोशीच्या पाटलांनी आनंदाचं नाव लिहिलं. त्यांचं बघून आणखी दोन गावांनी लिहिलं. त्या साली आनंदानं वाघोशीची एक नंबरची कुस्ती मारली, आणि पुढं आठ-दहा वर्षं मारतच राहिला. दिनकर भरती झाला. माझ्याकडं माईक पुन्हा आला नाही, मीही मागितला नाही. आनंदा पुढं कुठंही समोर आला तरी नुसती मान हलवायचा आणि निघून जायचा. मला त्याचं वाईट वाटायचं, पण आतून एक समाधानही होतं. नाव बुडवलं मी आणि बाहेर काढलंही मीच, असं मी स्वतःला सांगत आलो. छत्तीस वर्षं.

गेल्या वर्षी दिनकर फौजदार म्हणून रिटायर झाला. गावानं हॉलमध्ये सत्कार ठेवला. सत्काराला उत्तर द्यायला तो उभा राहिला आणि खांद्याला हात लावून सगळं सांगून टाकलं. घिस्सा, निसटलेला खांदा, कानात बोललेलं, टेंपो, बाबालाल वस्ताद. सांगता सांगता रडला. माझं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आनंदाला पुढं ये म्हणत होते. तो जागचा हलला नाही.

माझ्या शेजारी बळवंत पाटील बसले होते. नव्वदीला आलेले, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलतात. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“मास्तर! म्हंजे त्या पोरानं खरंच नुरा केली न्हवती व्हय!”

मी त्यांच्या कानाशी वाकलो. “पाटील, मी तुमच्यासमोर माईकवरून सांगितलं होतं की. आठच दिवसांनी.”

“ते व्हय. ते सांगितलं हुतं तुमी.”

“मग? तुम्हाला पटलं नव्हतं?”

“ते कसं पटायचं? कारण कुटं सांगितलं हुतं?”

“मग त्या साली त्याचं नाव तुम्ही लिहिलंत कसं?”

पाटील दात नसलेल्या तोंडानं हसले. अगदी प्रेमानं हसले.

“तुमची कीव आली ओ,” ते म्हणाले. “म्हणलं, मास्तर एवढा तोंडावर पडलाय, त्येच्या शब्दाखातर एक कुस्ती द्यावी. नुरावाला तर नुरावाला.”

आनंदा आमच्या पुढच्याच रांगेत बसला होता. पाटलांचा आवाज त्याला ऐकू गेला असणार. त्याची मान जरा ताठ झाली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.